डब्याने धरलेला रविवार

पुसलं तरी जागा येईना, इथून हे सगळं सुरू झालं.

नारायणगावच्या बाजारपेठेत, बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर माझा स्टुडिओ आहे. पूर्वी लग्नं काढायचो, आता जास्त करून बैलगाड्यांच्या शर्यती काढतो. आमच्या जुन्नर-आंबेगावात गावोगाव यात्रा भरतात आणि यात्रेला शर्यत ही असतेच. शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो आणि एका गाड्याच्या एका धावेला बारी. बारी बारा-तेरा सेकंदांत आटोपते. तेवढ्यासाठी माणसं वर्षभर बैलाला खुराक घालतात, आणि तेवढ्यासाठीच मी दिवसभर उन्हात दोन कॅमेरे घेऊन उभा असतो. एक कॅमेरा खाली, जिथून गाडा सुटतो तिथे, माझ्या हातात. दुसरा घाटाच्या माथ्यावर स्टँडवर लावून ठेवतो. तो आपला आपला चालू राहतो, त्याच्याकडे दिवसभर कुणी पाहत नाही, मीसुद्धा नाही.

नंतर मी प्रत्येक बारी कापून, तिला गाणं लावून गाड्याच्या मालकाला देतो. उरलेलं कच्चं शूटिंग मात्र टाकत नाही. ते एका काळ्या डब्यात राहतं. डब्यात चार डिस्क आहेत आणि तो कॉम्प्युटरला जोडलेला असतो. मागे एकदा साधी डिस्क बसली आणि तिच्याबरोबर एक अख्खं लग्न गेलं. मुलीचे वडील स्टुडिओत येऊन एक शब्द न बोलता बसून गेले होते. ते बसणं मला इतकं लागलं की मी आळेफाट्याच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून हा डबा बसवून घेतला. बसवताना त्याने मला अर्धा तास काय काय समजावलं. मी मान डोलावत होतो. न कळलेल्या गोष्टीला मी कळलेल्या गोष्टीपेक्षा जास्त जोरात मान डोलावतो, ही माझी जुनी खोड आहे.

यंदा हंगामाची पहिली यात्रा येत्या शनिवारी होती आणि सोमवारी सकाळी बघतो तर डबा भरलेला. पडद्यावर लाल पट्टी, अगदी काठोकाठ. नवा कॅमेरा मोठ्या फायली बनवतो, एक यात्रासुद्धा मावली नसती. मग मी जुन्या कच्च्या शूटिंगची फोल्डरं काढायचं ठरवलं, पण विचारून. फोन करत सुटलो, "तुमच्या बारीचं कच्चं ठेवू का काढू?" बहुतेक सगळे काढा म्हणाले. आंबेगावाकडचे एक पाहुणे तर हसायलाच लागले.

"काढा की राव! बारी आमच्या मोबाईलमधी हाय, तुमी कशाला सांभाळताय?"

फोल्डरांना मी नाव देतो ते टोकनाचं. शर्यतीत गाडे चिठ्ठ्या टाकून ठरतात आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते त्याच्या नावाने गाडा पुकारला जातो. मी तेच नाव फोल्डरला देतो. सोपं पडतं, पुकारणाऱ्याने माइकवर जे म्हटलं ते मी लिहिलं. गाड्याला चार बैल लागतात आणि चार बैल एकाच दावणीचे असतीलच असं नाही, एक ह्याचा, दोन त्याचे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. फक्त सोमवारी फोन करताना ते माझ्या डोक्यात आलं नाही.

अकरा फोल्डरं पुसली. कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. लाल पट्टी जागची हलली नाही.

मला वाटलं, यंत्राला समजायला वेळ लागत असेल. चहा पिऊन आलो. पट्टी तशीच. डबा बंद करून चालू केला. पट्टी तशीच. मंगळवारी आणखी पुसलं. जुनी लग्नं, बारशी, एका पतसंस्थेच्या उद्घाटनाचे चार तास. शेवटी रागाच्या भरात स्वतःच्या लग्नाची कॅसेट उतरवून ठेवली होती, तीही उडवली. बायकोला सांगितलं नाही. आणि एवढं करून पट्टी रेषभरही मागे सरली नाही. पोत्यातून धान्य काढत जावं आणि पोतं तेवढंच भरलेलं राहावं, तसा प्रकार. मी पन्नाशीचा माणूस, फिल्मच्या रोलपासून काम केलेलं, आणि त्या पट्टीपुढे अगदी ढ ठरलो. मला त्या डब्याचा मनापासून राग आला.

बुधवारी आळेफाट्याला फोन लावला.

"भाऊ, तुमचा डबा बिघडलाय. पुसलं तरी जागा देत नाही."

"बिघडला न्हाई. स्नॅपशॉट चालू हायेत त्याच्यात. मी तवा सांगितलं व्हतं की तुमाला."

"सांगितलं होतं. पुन्हा सांगा."

त्याने सांगितलं. डबा रोज रात्री त्याच्यातल्या सगळ्या फायलींची जशीच्या तशी स्थिती धरून ठेवतो. तीस दिवस धरतो, मग सर्वांत जुनी रात्र आपोआप सोडतो. उद्या चुकून काही पुसलं गेलं तर कालच्या रात्रीतून परत आणता यावं म्हणून. मी म्हटलं, म्हणजे तो रोज सगळ्याची नक्कल करतो? मग एका महिन्यात तीस पट जागा लागायला हवी होती. तो म्हणाला, नक्कल करत नाही, नुसतं धरून ठेवतो. मी म्हटलं, नक्कलच नाही तर मग जागा कशाची खातो? आता तो वैतागला, पण माणूस आमच्याच भागातला.

"हे बघा, बारी सुटायच्या आधी बैल कितीजण धरत्यात?"

"पाच-सहा."

"एकानं सोडला म्हणून गाडा सुटतो का?"

"नाही. शेवटच्याने सोडल्यावर."

"हां. तुमी फाइल पुसली म्हंजी तुमी एकट्यानं हात काढला. ह्या सगळ्या रात्री अजून धरून उभ्या हायेत. स्नॅपशॉटच्या यादीत जा, खालनं जुन्या जुन्या रात्री काढत या. शेवटची सुटली की जागा येईल."

हे मला समजलं. समजलं असं वाटलं. मान डोलावली, फोनवरच.

गुरुवारी सकाळी यादी उघडली. एकाखाली एक तारखा, प्रत्येक तारखेपुढे एक छोटं कुलूप आणि एक कचऱ्याची टोपली. खालची, सर्वांत जुनी रात्र घेतली, टोपलीवर टिचकी मारली. "खात्री आहे का?" असं त्याने विचारलं. आहे. रात्र गेली. पट्टी बघितली. तशीच. दुसरी रात्र काढली. तशीच. सगळ्या एकदम निवडता येत असतील, पण कशा ते मला आजही माहीत नाही. एक रात्र, एक खात्री, एकदा पट्टीकडे बघणं, असं चाललं होतं. दुपारपर्यंत मी गेल्या शनिवारच्या रात्रीपर्यंत आलो, ती काढली, आणि पट्टी तशीच. मी माउस आपटला. पुढची ओळ रविवारची होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दादा आले.

दादा ओझरच्या अलीकडच्या वस्तीवर राहतात. साठीचे आहेत, बागाईतदार, दोन मुलगे कामाला लागलेले. मी त्यांना दहा वर्षं ओळखतो ते त्यांच्या कोशामुळे. कोसा म्हणजे कोशाच्या रेशमासारख्या मातकट रंगाचा बैल. हा एवढा देखणा की दुसऱ्याच्या बारीलाही लोक त्याला बघायला उभे राहायचे. तो सहा दिवसांपूर्वी गेल्याचं मला कळलं होतं. दोन वर्षांपूर्वी, आंबेगावाकडच्या एका यात्रेत त्याने आयुष्यातली सर्वांत भारी बारी मारली होती, आणि त्याच पावसाळ्यात तो पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागला. डॉक्टर म्हणाले, आतली इजा जुनी आहे, वेळेवर कळायला हवं होतं. कधी झाली, हे दादांना शेवटपर्यंत उमगलं नाही. भेटेल त्याला ते विचारायचे, तुम्हाला दिसला होता का कधी लंगडताना? त्यानंतर त्यांनी त्याला एकदाही जुंपला नाही. दावणीला ठेवून दोन वर्षं स्वतःच्या हाताने खायला घातलं.

ते खुर्चीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"रविवारी दशक्रिया हाय त्याची. प्रवचन ठेवलंय, मांडव घातलाय, पडदा लावायचाय. त्यावर त्याला दाखवायचा."

आमच्या भागात नावाजलेल्या बैलाची दशक्रिया माणसासारखी होते, त्यात मला नवल नव्हतं. मी म्हटलं, बारी देतो काढून.

"बारी नगं. बारी साऱ्या दुनियेच्या मोबाईलमधी हाय. मला बारी झाल्यावरचं पायजे. त्या दिशी माथ्यावर माणसांची ही झुंबड, गुलाल, मला खांद्यावर घेतलेलं. आन् हा आपला सगळ्यांला सोडून माझ्याकडं आला. माझ्या पाठीला नाक लावून हुबा ऱ्हायला. माथ्यावर तुमचा कॅमेरा व्हता, मी बघितला व्हता. लई आठवण येती राव त्याची."

मी दादांच्या नावाचं फोल्डर उघडलं. ते मी पुसलेलं नव्हतं. त्यात तीन यात्रा होत्या, पण ती नव्हती. मी वर-खाली शोधत राहिलो. आणि मग आठवलं. त्या दिवशी चिठ्ठी दादांच्या नावाची निघालीच नव्हती. त्यांच्या व्याह्यांच्या नावाची निघाली होती आणि कोसा त्यांच्या गाड्याला जुंपला होता. व्याही म्हणजे तेच, सोमवारी फोनवर हसलेले पाहुणे.

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं. सापडत नाही, रविवारपर्यंत शोधतो, असं काहीतरी. पण त्या मुलीच्या वडिलांचं बसणं आठवलं.

"दादा, ते मी सोमवारी पुसलं."

"पुसलं म्हंजी?"

"जागा नव्हती. व्याह्यांना विचारलं, ते काढा म्हणाले."

"त्याला काय इचारायचं? टोकन त्याचं व्हतं. बैल माझा व्हता."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते टोपीची घडी घालत राहिले. मला माझीच लाज वाटली, आणि काहीतरी करायचं म्हणून मी पुन्हा आळेफाट्याला फोन लावला. पुसलेलं परत येतं का, एवढंच विचारायचं होतं.

"कदी पुसलं?" त्याने विचारलं.

"सोमवारी दुपारी."

"रविवारची रात्र हाय का यादीत? का काढली?"

मी पडद्याकडे बघितलं. टोपलीवर बाण तसाच उभा होता, रविवारच्या टोपलीवर. मला अजून एक टिचकी मारायची राहिली होती.

"आहे," मी म्हटलं.

"मग त्याच्यात सगळं हाय. हात लावू नका तिला. आत जा आन् पायजे ती फाइल बाहेर काढा."

आता सांगतो, हे मला तेव्हाही नीट समजलं नाही आणि आजही पूर्ण समजतं असं नाही. चार दिवस ज्या जागेसाठी मी डोकं आपटत होतो, ती ह्याच गोष्टीने अडवली होती. डबा चुकत नव्हता, मी चुकत होतो, आणि माझी चूक तो धरून बसला होता. पण त्याच वेळी त्याला शिव्या घालून मी एकेक रात्र सोडवत आलो होतो आणि दादा जिना चढायला पाच मिनिटं उशिरा आले असते तर ही रात्रही सुटली असती. मग पट्टी हलली असती, आणि मी खुशीत चहा मागवला असता.

रविवारची ओळ उघडली तर आत माझंच घर. सगळी फोल्डरं जागच्या जागी, पुसलेलीसुद्धा. आमच्या लग्नाची कॅसेटही होती, ती मी गुपचूप आधी कॉम्प्युटरवर काढून घेतली. मग व्याह्यांच्या नावाचं फोल्डर. माथ्यावरच्या कॅमेऱ्याची फाइल पावणेतीन तासांची होती, तीही बाहेर काढली. पुकारणाऱ्याच्या आवाजावरून ती बारी शोधली. दादांनी खुर्ची पुढे ओढली.

गाडा वर आला, निशाण पडलं, धुरळा. मग माणसांची गर्दी. दादा कुणाच्या तरी खांद्यावर, तोंडभर गुलाल, दोन वर्षांनी तरुण. खाली उतरले, लोक गळ्यात पडतायत, ते हसतायत. डावीकडून कोसा आला. गाड्यातून सुटलेला, नाकात वेसण तशीच, कासरा जमिनीवर ओढत. गर्दीतून वाट काढत आला आणि दादांच्या पाठीला नाक लावलं. अगदी त्यांनी सांगितलं तसंच.

"बघा," दादा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

मग ते पडद्याकडे वाकले. "जरा मागं घ्या," म्हणाले.

मी मागे घेतलं. कोसा डावीकडून आला.

"अजून येकदा."

तिसऱ्यांदा मलाही दिसलं. तो तीन पायांवर येत होता. पुढचा उजवा पाय टेकवत नव्हता, नुसता टेकवल्यासारखं करत होता. दादांच्या पाठीशी उभा राहिला तेव्हा तो पाय त्याने उचलून धरलेला होता, आणि नाकाने त्यांना ढोसत होता. एकदा, दोनदा. पडद्यावरचे दादा कुणाशी तरी बोलत होते. मागे न बघता त्यांनी हात मागे केला आणि त्याचं तोंड बाजूला सारलं. लाडाने सारलं, पण सारलं.

"तवाच लागलं व्हतं त्याला," दादा म्हणाले. "सांगाया आला व्हता मला त्यो."

मी थांबवलं. खाली बियाण्यांच्या दुकानात कुणीतरी टोमॅटोच्या वाणाचा भाव विचारत होतं. गर्दीत कुणाला दिसतं, असं म्हणणार होतो. पण मीसुद्धा त्या दिवशी तिथेच होतो आणि मलाही दिसलं नव्हतं.

"पुसा हे," दादा म्हणाले.

"दादा, राहू द्या. पडद्यावर नका दाखवू, पण..."

"पुसा म्हणतोय ना. बारीच लावा रविवारी."

मी बाहेर काढलेली फाइल त्यांच्यासमोर पुसली. टोपलीही रिकामी केली. त्यांनी विचारलं, "गेलं?" आणि मी म्हटलं, "गेलं." रविवारच्या ओळीकडे बघायचं मी टाळलं. त्यांनी टोपी घातली, जिना उतरले. मी पुसलं होतं हे खरं होतं आणि ते गेलेलं नव्हतं हेही खरं होतं. मी खोटं बोललो की नाही, मला ठरवता येईना.

शनिवारच्या यात्रेसाठी आळेफाट्यावरून एक सुटी डिस्क आणली आणि वेळ मारून नेली. दशक्रियेला मांडवात पडद्यावर बारा सेकंदांची बारी पुन्हा पुन्हा चालू होती. लोक दर वेळी टाळ्या वाजवत होते. दादा पडद्याकडे पाठ करून पंगतीत वाढत होते.

डबा तीस दिवसांनी ती रात्र आपोआप सोडणार होता. ओळीपुढच्या कुलपावर टिचकी मारली की तो ती कायमची ठेवतो, हे मी फोन करून विचारून घेतलं होतं. रोज सकाळी स्टुडिओ उघडला की ती ओळ बघायचो. कधी वाटायचं, दादांनी दुःखात सांगितलं, उद्या मागायला आले तर? कधी वाटायचं, मालकाने पुसा म्हटलेलं मी कोण ठेवणारा? एकदा टोकनवाल्याचं ऐकून मालकाचं पुसलं होतं. आता मालकाचं न ऐकता ठेवायचं?

एकोणतिसाव्या दिवशी त्यांच्या वस्तीवर गेलो. विचारूनच टाकायचं म्हणून गेलो. दादा गोठ्यात होते. नवं खोंड घेतलं होतं, अजून दोनच दातांचं. त्यांनी मला हाताने थांबायची खूण केली. ते खाली बसून त्याचा एकेक पाय उचलत होते. खूर दाबायचे, सांध्यावरून अंगठा फिरवायचे, पाय खाली ठेवायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघायचे. चारही पाय झाल्यावर पुन्हा पुढच्या उजव्यापाशी आले. तोही पुन्हा तपासला.

"रोज बघतो," ते म्हणाले. "बोला, काय काम काढलं?"

"काही नाही. ह्या बाजूला आलो होतो."

चहा घेतला आणि निघालो. कुलपावर टिचकी मारली नाही. का नाही मारली, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित त्यांना जे बघायचं होतं ते ते रोज सकाळी बघत होते, म्हणून.

एकतिसाव्या दिवशी स्टुडिओ उघडला तर लाल पट्टी हिरवी झाली होती आणि यादीत रविवारची ओळ नव्हती. भरपूर जागा आली होती. मी खुर्चीवर बसलो आणि मला रडू आलं.